तीन रविवार आणि एक प्रिंट

टाकी भरली की मोटर बंद करणारं छोटं सर्किट मला घरीच बनवायचं होतं. सर्किट आखायच्या कायकॅड सॉफ्टवेअरमध्ये लेआउट एका रात्रीत झाला, बुधवार पेठेतून कॉपर क्लॅड बोर्ड (तांब्याचा पातळ थर असलेली पाटी) आणि तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराईडही आणलं. मग तीन रविवार गेले ते फक्त कागदावरचा टोनर तांब्यावर उतरवण्यात.

पद्धत तशी सोपी. चकचकीत कागदावर लेझर प्रिंट काढायची, तांब्यावर पालथी ठेवायची आणि कडक इस्त्रीने दाबायची. टोनर ही प्लॅस्टिकचीच भुकटी, ती वितळून तांब्याला चिकटते, आणि तिच्याखालचं तांबं पुढे विरघळत नाही. घरी प्रिंटर नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. "डार्क येईल ना?" असं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मशीनकडे न बघताच तो "येईल" म्हणाला.

घरी इस्त्री केली, बोर्ड पाण्यात भिजवला, अंगठ्याने कागद चोळायला लागलो तर कागदाबरोबर ट्रॅकही, म्हणजे सर्किटच्या तारांच्या जागी असलेल्या रेघाही, सुटून आले. मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेकडे जाणारा रुंद ट्रॅक कडेला काळा, मधोमध चाळणीसारखा. बोर्डाला तेलकट बोटं लागली असतील म्हणून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून ॲसिटोनने पुसला. तरी तेच. इस्त्री जास्त दाबली तर ट्रॅक पसरून एकमेकांना भिडले. चौथ्या वेळी सहज प्रिंट खिडकीसमोर धरली, तर काळ्या भागातून उजेड आरपार दिसत होता. मशीन टोनर वाचवायच्या मोडवर होतं! त्याचा राग अजून गेलेला नाही. प्रिंट हातात आली की तिथेच उजेडासमोर धरा, आणि मगच पैसे द्या.

तो मोड बंद करून, कागद 'जाड' निवडून काढलेली प्रिंट पहिल्याच इस्त्रीत बसली. नखाने खरवडली तरी हलेना. वाफेची इस्त्री असेल तर पाणी काढून टाका. आणि हो, बोर्डाच्या खालच्या बाजूच्या ट्रॅकची प्रिंट आरशातल्यासारखी उलटी करून काढायची नाही. पालथी ठेवल्यावर ती आपोआप बरोबर बसते.

एचिंगला, म्हणजे नको असलेलं तांबं फेरिक क्लोराईडच्या द्रावणात विरघळवायला, वीस मिनिटं लागली. प्लॅस्टिकचा डबा गरम पाण्यात ठेवून हलवत राहिलो. कडेपासून तांबं विरघळत गेलं आणि खालचा फिकट बोर्ड दिसू लागला, तेव्हा बायकोला हाक मारून दाखवलं. स्टीलचं भांडं अजिबात नको, द्रावण ते खातं. फेरिक क्लोराईडची भुकटी पाण्यात थोडी थोडी टाका, पाणी चांगलंच तापतं. भोकं ०.८ मिमीच्या ड्रिलने पाडली.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं. माझं अजून बरणीत आहे, पुढच्या बोर्डाला चालेल.