पोलिसांना नॅलोक्सोन शिकवताना
आज पोलिसांना नॅलोक्सोन वापरायला शिकवलं. ओपिऑइडच्या, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूच्या जातीच्या नशेच्या ओव्हरडोसमध्ये श्वास थांबतो, तेव्हा हे औषध माणसाला परत शुद्धीवर आणतं. नाकात स्प्रे मारायचा, एवढंच. खरा वेळ गेला तो वादात. "त्याच माणसाला आम्ही परत परत उठवायचं आणि त्याने परत नशा करायची?" एक अधिकारी हाताची घडी घालून विचारत होता. मी त्याला नावं ठेवणार नाही. शुद्धीवर आलेला माणूस आभार वगैरे मानत नाही. उलट्या करतो, कधी अंगावर येतो, कारण औषध ओपिऑइडचा असर एका झटक्यात उतरवतं. हे यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं! फेंटानिलला (फार जहाल ओपिऑइड) नुसता हात लागला तरी आपण कोसळू, ही भीतीही डोक्यात पक्की. तसं होत नाही, हातमोजे घाला आणि कामाला लागा. श्वास थांबला की मेंदूला इजा व्हायला काही मिनिटं पुरतात, आणि अँब्युलन्सच्या आधी कित्येकदा पोलीसच पोचतात. स्प्रेचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, म्हणून पेशंटला हॉस्पिटलात न्यायचंच, हे मात्र घोकून घेतलं.
शेवटी त्याच अधिकाऱ्याने विचारलं, "आणि ओव्हरडोस नसलाच, दुसरंच काही असलं तर?"
तरी द्या. ओपिऑइड घेतलेलं नसेल तर त्याने अपाय होत नाही. प्रश्न मात्र नेमका होता.