अंधाऱ्या गुहेतले फोटो : केदारेश्वर आणि इतर

हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. मधोमध भलंमोठं शिवलिंग आणि भोवती कमरेइतकं गारेगार पाणी. इथले बहुतेक फोटो एकाच तऱ्हेने बिघडतात : पिंड पांढरीफटक, मागची भिंत काळीकुट्ट. दोष कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा. उजेड समोरून पडला की दगडाचा उंचसखलपणा नाहीसा होतो आणि लेन्सजवळची धूळ, तोंडाची वाफ पांढरे ठिपके होऊन उमटते.

फ्लॅश बंद करा. ट्रायपॉड, मॅन्युअल मोड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर २० सेकंद आणि २ सेकंदांचा टायमर, इथून सुरुवात करा. फोकससाठी पिंडीवर टॉर्च मारा, फोकस धरला की लेन्स मॅन्युअलवर टाका. नाहीतर टॉर्च विझल्यावर कॅमेरा पुन्हा चाचपडत बसतो. शटर उघडल्यावर कॅमेऱ्यापासून चार-पाच पावलं बाजूला उभं राहून दगडावर तिरका उजेड फिरवायचा, भिंत रंगवावी तसा. हात थांबला की तिथे डाग पडतो. पिवळा आणि पांढरा टॉर्च एकत्र वापरू नका, असे मिसळलेले रंग नंतर रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येही) धड सुधारता येत नाहीत. कॅमेरा कोरड्या कडेलाच ठेवायचा. पाण्यात उतरायचं ते फक्त टॉर्चवाल्याने. आणि ही पूजेची जागा आहे, पिंडीवर काहीही टेकवू नका.

हिवाळ्यात पहाटे बाहेर गार पडलेला कॅमेरा गुहेच्या उबदार, दमट हवेत नेला की लेन्सवर दव धरतं. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरतं. बॅग बंदच ठेवून १५-२० मिनिटं थांबा.

सगळ्यात मोठा धोका चांगली चौकट शोधण्यात आहे. नजर स्क्रीनवर, पाऊल मागे, आणि मागे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. म्हणून कॅमेरा हातात असताना पाय हलवायचे नाहीत. हलायचं तर आधी कॅमेरा खाली. लांब एक्स्पोजरला हेडलॅम्प विझवावे लागतात, तेव्हा एकाने मोठ्याने ‘उघडलं’, ‘बंद’ असं सांगायचं आणि दिवे पुन्हा लागेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. फोटोचा टॉर्च वेगळा, चालायचा वेगळा. माणशी तीन दिवे हवेत. चालायच्या दिव्याची निम्मी बॅटरी संपली की परत फिरा.

कुजलेला पाचोळा साठलेल्या बंद टाक्यात किंवा भुयारात कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. काडी पेटली म्हणजे हवा चांगली, हे खरं नाही. ज्योत विझण्याच्या आधीच माणसाला त्रास सुरू होऊ शकतो. डोकं दुखायला लागलं, धाप लागली, तर सामान तिथेच टाकून बाहेर या.

मुखाशी आग्या मोहोळ असेल तर तो फोटो सोडून द्या. अत्तर, धूर, ड्रोन यांपैकी कशानेही माश्या उठतात. वटवाघळांच्या गुहेत तर जाऊच नये : उजेडाने ती बिथरतात, आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते.

लेण्यांत मशाल किंवा पेटती स्टील वूल (पोलादी तारांचा बारीक गुंता) फिरवून ठिणग्यांचे फोटो काढणं बंद झालं पाहिजे. काजळी दगडात मुरते, गिलावा आणि रंग असतील तर कायमचे जातात. अजिंठ्यात फ्लॅशला मुळातच बंदी आहे. तिथे ट्रायपॉडसाठीही पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती निघण्याआधीच काढून ठेवा.