फोंतेव्रो : आकितेनच्या मालकिणीपाशी

फ्रान्समधल्या फोंतेव्रोच्या मठात जायला सोम्यूरपर्यंत रेल्वे आहे. पुढच्या पंधराएक किलोमीटरसाठी बस मोजक्याच, परतीची वेळ आधी बघून ठेवावी. नदीकाठच्या वाड्यांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी थेट मठाच्या चर्चमध्ये शिरते.

इंग्लंडच्या राजघराण्यातल्या चौघांची शिल्पं आडवी ठेवलेली : राजा दुसरा हेन्री, त्याची राणी अलिएनोर, मुलगा रिचर्ड आणि धाकट्या मुलाची, जॉनची, बायको इझाबेल. तीन दगडी, इझाबेलचं तेवढं लाकडी. गर्दी सगळी सिंहहृदयी रिचर्डभोवती. त्याची आई, अलिएनोर, डोक्यावर मुकुट आणि हातात उघडं पुस्तक घेऊन पहुडलेली. तिची ओळख मात्र सगळीकडे एकच : दोन राजांची बायको, दोन राजांची आई. याचा मला मनापासून राग येतो. नैऋत्य फ्रान्समधल्या आकितेनचा सातबारा तिच्या नावावर होता, आणि सगळं राजकारण त्याच्याभोवती फिरलं.

1137 साली तिचे वडील, दहावा विल्यम, सांतियागोच्या यात्रेत वारले. भाऊ आधीच गेलेला. आकितेन आणि त्याच्या उत्तरेचं प्वातू कोवळ्या वयाच्या मुलीकडे आलं. फ्रान्सच्या राजाच्या खासगी मुलखापेक्षा कितीतरी मोठं. जुलैत बोर्दोला युवराज लुईशी लग्न झालं, आठवड्याभरात सासरा वारला आणि ती राणी झाली. कारभार नवऱ्याचा, हक्क तिचा. दोन्ही मुलूख कायमचे एक व्हायला मुलगा हवा होता. झाल्या दोन मुली.

मार्च 1152 मध्ये बोजाँसीला जवळच्या नात्याचं कारण देऊन लग्न रद्द झालं. मुली बापाकडे राहिल्या, जमीन तिच्याबरोबर परत निघाली. म्हणून तर वाटेत दोघा सरदारांनी तिला पळवायचा डाव टाकला. वारसदार बाई हाती लागली की मुलूख हाती लागतो. ती निसटून प्वातिएला पोचली आणि मे महिन्यात आंजूच्या हेन्रीशी लग्न केलं, तोच पुढे इंग्लंडचा राजा झाला. लुई तिचा अधिपती, त्याची परवानगी लागायची. तिने विचारलंच नाही.

पुढे मुलांनी हेन्रीविरुद्ध केलेल्या बंडात साथ दिली म्हणून हेन्रीने तिला 1189 पर्यंत कैदेत ठेवलं. पण मधेच, 1185 साली, रिचर्ड आकितेन सोडेना, तेव्हा हेन्रीनेच तिला नॉर्मंडीत आणवलं आणि मुलाला फर्मावलं : मुलूख आईच्या हवाली कर. कैदेतल्या बाईचं नाव पुढे केल्याशिवाय राजाचंही चालेना!

1199 मध्ये रिचर्ड वारल्यावर पंचाहत्तरीच्या आसपासची ही बाई तूरला गेली आणि प्वातूसाठी फ्रान्सच्या फिलिप राजापुढे स्वतः निष्ठेची शपथ घेतली. धाकटा जॉन गादीवर नुकताच आलेला, त्याच्याविरुद्ध पुतण्याचा दावा उभा. प्वातू आईच्या नावावर राहिलं तर त्या दाव्याला तिथे जागा उरत नव्हती. एवढ्या नेमक्या चालीचा मागमूस बहुतेक माहितीपत्रकांत नसतो.

मठाचं खवल्यांसारख्या दगडी छपराचं स्वयंपाकघर जरूर बघा. 1963 पर्यंत इथे तुरुंग होता, त्याच्या खुणाही आहेत. पण एकच ठिकाण जमणार असेल तर मी प्वातिए सुचवेन. तिथल्या राजवाड्याचं भव्य दालन तिच्याच काळातलं. टोकाच्या तीन मोठ्या शेकोट्या मात्र नंतरच्या, बेरीच्या ड्यूकने बांधलेल्या. शेकोट्यांकडे पाठ करून उभं राहिलं की तिचा दरबार केवढा होता ते नीट कळतं.