लंडनचा रविवार, आत्याच्या चालीने

भारतातून आलेल्या आत्याला किंवा मावशीला रविवारी लंडन दाखवायचं ठरवलं की पहिला घोळ यादीतच होतो. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल ही दोन नावं सगळ्यात वर असतात, आणि नेमकी रविवारी दोन्हीकडे फक्त प्रार्थना चालते. प्रार्थनेला कुणीही जाऊन बसू शकतं, पैसे पडत नाहीत, आणि दुपारनंतरच्या प्रार्थनेतलं समूहगान मुद्दाम ऐकावं इतकं सुंदर असतं. पण आत फिरून काही बघता येत नाही. ते बघणं आठवड्यातल्या दुसऱ्या दिवसावर टाका.

दुकानांचंही तसंच. १९९४च्या कायद्याप्रमाणे २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत सलग सहाच तास विक्री करता येते. म्हणून ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची बरीचशी मोठी दुकानं १२ ते ६ असतात. काही अर्धा तास आधी दार उघडतात. आत हिंडता येतं, बिल मात्र होत नाही. खरेदी सकाळी उरकू असा बेत केलात तर आत्याला फुटपाथवर ताटकळावं लागेल.

सकाळ घोड्यांसाठी ठेवा. बकिंगहॅम पॅलेससमोरचा पहारेबदल प्रसिद्ध आहे, पण तिथे कठड्याशी जागा मिळवायला तासभर आधी उभं राहावं लागतं, आणि तरी समोर उंच माणसांची डोकीच दिसतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेऊच नये. त्याऐवजी व्हाइटहॉलला लागून असलेल्या हॉर्स गार्ड्स परेडवर जा. इथे मधे राजवाड्याचं कुंपण नाही, गर्दी बेताची असते आणि घोडेस्वार अगदी जवळून दिसतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: इतर दिवशी हा पहारेबदल ११ला होतो, रविवारी १०ला. इंटरनेटवर वाचलेली ११ची वेळ धरून रविवारी पोहोचणारे रिकामं मैदान बघतात. वेस्टमिन्स्टर स्टेशनवर फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट आहे. तिथून दहाएक मिनिटं चालायचं, आत्याबरोबर वीस धरा.

मैदानाच्या मागेच सेंट जेम्सेस पार्क आहे. तळ्याकाठी बाकं आहेत आणि तळ्यात पेलिकन. १६६४मध्ये रशियाच्या राजदूताने पेलिकन भेट दिले, तेव्हापासून ते या बागेत आहेत. इथे निवांत बसू द्या. पुढचं ठिकाण गाठायची घाई केली की दुपारचा कार्यक्रम हमखास रद्द होतो, कारण दुपारसाठी लागणारे पाय सकाळीच संपलेले असतात.

तिथून ट्रफाल्गर चौकातली नॅशनल गॅलरी. प्रवेश मोफत, लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे, दालनांत बसायला जागा आहे. प्रवेश मोफत असल्यामुळे सगळं बघून पैसे वसूल करण्याचा प्रश्नच नाही: हॉल्बाइनचं 'द ॲम्बॅसडर्स' आणि व्हॅन गॉगची सूर्यफुलं बघून बाहेर पडलात तरी भरपूर झालं. जेवायला एक वाजायची वाट बघू नका, रविवारी पब तेव्हा भरलेले असतात. बाराला बसावं.

दुपारी मात्र एकच ठिकाण, आणि मराठी माणसाने ते चुकवू नये: १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास आणि ग्रेज इनमधलं बॅरिस्टरीचं शिक्षण त्या काळात एकत्रच चालू होतं. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. दारावरच्या भिंतीवरची निळी पाटी बाहेरूनही वाचता येते. आत जायचं असेल तर भेटीची वेळ आधी बघून घ्या. ट्रफाल्गर चौकालगतच्या चॅरिंग क्रॉस स्टेशनहून ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, नॉर्दर्न लाइनने थेट चॉक फार्मला उतरायचं, पण एजवेअरकडे जाणारीच गाडी धरा. हाय बार्नेटची गाडी कॅम्डन टाउननंतर दुसऱ्या फाट्याला वळते. चॉक फार्मला लिफ्ट आहे, तरी थोड्या पायऱ्या उरतात. घर तिथून पाचसात मिनिटांवर आहे, आणि जवळच प्रिमरोझ हिल. चढ सौम्य आहे, वर बाकं आहेत आणि अख्खं मध्य लंडन समोर दिसतं. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा टेकडी आधी आणि घर नंतर.

तिकिटाचं: प्रत्येकाकडे वेगळं कार्ड (ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड किंवा नुसतं टेकवून चालणारं बँकेचं कार्ड) हवं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. बसमध्ये रोख चालत नाही. बसमध्ये चढताना एकदाच कार्ड लावायचं. ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा. बाहेर पडताना विसरलं तर सगळ्यात जास्त भाडं कापलं जातं. आठवड्याच्या भाड्याची कमाल मर्यादा सोमवार ते रविवार मोजतात, त्यामुळे आत्या आठवडाभर एकाच कार्डावर बरीच फिरली असेल तर रविवारचा प्रवास जवळजवळ फुकटात होतो. फोनवरचं कार्ड आणि हातातलं कार्ड मात्र वेगवेगळी धरली जातात, म्हणून अदलाबदल करू नका.

दुरुस्तीची कामं शनिवार-रविवारी काढतात आणि ट्यूबचा अख्खा टप्पा बंद असू शकतो. शनिवारी रात्रीच तपासा. नॉर्दर्न लाइन बंद निघाली तर ट्रफाल्गर चौकातून २४ नंबरची बस कॅम्डन टाउनपर्यंत आणि तिथून ३१ नंबर. पहिल्या बसमध्ये कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि आत्याला खिडकीतून शहरही दिसतं.