फीडर गेला त्या दुपारी

२००३ च्या जुलैमध्ये मी सांगली जिल्ह्यातील ढालगावच्या माळावर पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम पाहत होतो. आदल्या वर्षीही पाऊस कमीच झाला होता. अशात एका दुपारी पंधरा-वीस गावकरी कंट्रोल रूमपुढे येऊन बसले आणि यंत्रे बंद करा म्हणू लागले. पाती ढग पळवतात, हा त्या भागातला तेव्हाचा पक्का समज होता.

हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, इथला दुष्काळ चक्क्यांपेक्षा कितीतरी जुना आहे, आणि आमची पाती जमिनीपासून पाऊणशे मीटरपर्यंतचाच वारा घेतात, तर पावसाचे ढग त्याच्या पुष्कळ वरून जातात, असे मी सांगितले. पुढे बसलेल्या आबांनी विचारले, "मग आभाळ आलं की तुमची पाती जोरात का फिरत्यात?" प्रश्न कच्चा नव्हता. ढग आणि वेगवान वारा दोन्ही मान्सूनच आणतो, आमची बहुतांश वीजही त्याच चार महिन्यांत तयार होते. माळावर उभे राहून पाहणाऱ्याला मात्र ढग आणि पाती एकत्रच दिसणार.

बोलणे चालू असतानाच फीडर, म्हणजे आमची वीज ग्रिडला (वीजजाळ्याला) नेणारी वाहिनी, ट्रिप होऊन बंद पडला. ग्रिड गेले की या यंत्रांना ब्रेक लागतात. मिनिटाभरात सगळा माळ थांबला. दीडेक तास आम्ही सारेच वर पाहत बसलो. काळे ढग पश्चिमेकडून आले आणि एक थेंब न टाकता जतच्या दिशेने निघून गेले. मी काहीशा विजयाने आबांकडे पाहिले. ते म्हणाले, "एका दिसावरनं काय ठरतंय, सायब?" यावर मला उत्तर नव्हते, ढग गेले त्याऐवजी बरसले असते, तर मीही नेमके हेच म्हटले असते.

मग त्यांनी ओढ्याकडेच्या एका यंत्राकडे बोट दाखवले. त्याच्या टॉवरवरून तेलाचे काळे ओघळ उतरले होते. "ती चार म्हैनं उभीच हाय. मालकाला तोटा न्हाई व्हय?"

तिचा गिअरबॉक्स गेला होता आणि मालकाला घाई नव्हती. त्या काळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के, आणि त्याआधी तर १०० टक्के घसारा मिळे, म्हणजे यंत्राच्या किमतीचा तेवढा भाग मालकाला करपात्र उत्पन्नातून वजा करता येई. मार्चला संपणाऱ्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर तो निम्मा होई, म्हणून सप्टेंबर जवळ आला की माळावर क्रेनची झुंबड उडायची. करसवलत यंत्र उभारण्यावर होती, वीज किती निघते यावर नव्हती. युनिटमागे ५० पैसे देण्याची केंद्राची योजना २००९ मध्ये आली, म्हणजे आबांनी विचारल्यानंतर सहा वर्षांनी. ढगांच्या बाबतीत ते चुकले होते. या बाबतीत त्यांची शंका रास्त होती, आणि ती माझ्याही मनात बरेच दिवस होती.

मी त्यांना गिअरबॉक्सचे सांगितले. घसाऱ्याचे सांगितले नाही. तेवढ्यात फीडर आला, ओढ्याकडची सोडून बाकीची पाती हळूहळू फिरू लागली, आणि मंडळी धोतर झटकत चारा छावणीकडे निघाली.