कॅसलव्हेनिया कुठून सुरू करावी: माझा अनुभव

कोनामी या जपानी कंपनीची कॅसलव्हेनिया ही व्हिडिओ गेमची मालिका १९८६ साली सुरू झाली. आज तिची यादी समोर घेतली की नवखा माणूस पहिल्याच प्रश्नाला अडतो: सुरुवात कुठून करायची? मी या मालिकेतले बहुतेक गेम खेळून काढले आहेत, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्या क्रमाने ते निघाले त्या क्रमाने खेळू नका. कथेच्या काळानुसार तर मुळीच नको. कथा १०९४ पासून २०३६ पर्यंत पसरली आहे, पण ड्रॅक्युला पुन्हा पुन्हा उठतो आणि कोणीतरी त्याच्यासमोर उभं राहतं, एवढं माहीत असलं तरी पुरे.

पहिला गेम घ्या ‘आरिया ऑफ सॉरो’, २००३ चा. यात सोमा क्रूझ नावाचा तरुण मारलेल्या शत्रूंचे आत्मे गोळा करतो आणि प्रत्येक आत्म्यातून नवी ताकद मिळते. लाल आत्मा हल्ल्यासाठी, निळा बटण दाबून ठेवून वापरायचा, पिवळा नुसता लावून ठेवला तरी काम करतो. एखादा आत्मा मिळेपर्यंत त्याच खोलीत आत-बाहेर करत राहायचं वेड मला इथेच लागलं. गेम लहान आहे, नकाशा स्वच्छ आहे, आणि नव्या माणसाला तो फार छळत नाही. किल्ल्यात तीन जुनी पुस्तकं मिळतात ती मात्र नीट वाचा. शेवटच्या वाटणाऱ्या लढाईत कोणते तीन आत्मे लावायचे हे त्यांतच सुचवलेलं आहे. ते न लावता जिंकलात तर गेम संपतो, पण खरा शेवट पुढेच राहतो.

याच खोडीमुळे ‘सिंफनी ऑफ द नाइट’ दुसरा खेळावा, म्हणजे तुम्ही आधीच सावध असता. १९९७ चा हा गेम मालिकेचा मुकुटमणी, आणि मला त्यात तिळमात्र शंका नाही. ड्रॅक्युलाचा मुलगा ॲलुकार्ड उत्तम शस्त्रं घेऊन किल्ल्यात धावत शिरतो आणि थोड्याच वेळात मृत्यू, म्हणजे कोयता घेतलेला तो सांगाडा, समोर येऊन त्याचं सगळं काढून घेतो. इतका वेळ एका फटक्यात पडणारे शत्रू आता जड जायला लागतात. पुढचा सगळा खेळ ती ताकद परत मिळवण्याचा. मिचिरु यामाने यांचं संगीत ऐकत मी कितीतरी वेळा खोलीत नुसती उभी राहिले आहे. व्हॅम्पायरची शिकार करणारा रिक्टर बेलमाँट समोर आला की लगेच तलवार चालवू नका. आधी किल्ल्याच्या मध्यभागी जाऊन मारिया या तरुणीला भेटा, ती जे देईल ते घालून मगच लढा. नाहीतर आख्खा उलटा किल्ला बघायचा राहून जाईल.

आता १९८६ चा पहिला गेम. इथे बरेच जण कंटाळून सोडतात, कारण उडी मारल्यावर हवेत दिशा बदलता येत नाही, चाबूक जरा उशिरा चालतो आणि मार लागला की नायक सायमन मागे फेकला जाऊन खड्ड्यात पडतो. पण दोन सोपे गेम पचवून आल्यावर त्यातली शिस्त दिसायला लागते. पाचव्या भागात मृत्यूच्या खोलीआधी एक बोळ आहे. समोरून कुऱ्हाडी फेकणारे चिलखतवाले, आणि त्याच वेळी नागमोडी उडत येणारी मेडुसाची डोकी. तिथे पवित्र पाण्याची बाटली हातात हवी. ती फुटली की चिलखतवाला जागीच थिजतो आणि तेवढ्यात चाबकाचे फटके बसतात. हीच बाटली पुढे मृत्यूवरही चालते: तो दिसताच त्याच्यावर फेकत राहायचं, म्हणजे तो हलतच नाही. म्हणून वाटेत मेणबत्तीतून दुसरं हत्यार पडलं तरी उचलू नका. मेलात तर बाटलीही जाते आणि बोळ पुन्हा ओलांडावा लागतो.

हा जमला की १९९३ चा ‘राँडो ऑफ ब्लड’ खेळाच. जुन्या पद्धतीचा तो सर्वांत देखणा गेम आहे आणि त्यात वाटा फुटतात. छोट्या मारियाला सोडवलंत तर तिला घेऊनही खेळता येतं, आणि तिची दुहेरी उडी रिक्टरपेक्षा खूप सोयीची आहे. ‘ड्रॅक्युलाज कर्स’चा जपानी अवतार मिळाला तर तोच घ्या, तो सोपा आहे आणि त्याचं संगीत जास्त भरीव आहे. ‘सायमन्स क्वेस्ट’ मार्गदर्शिका शेजारी ठेवूनच खेळा, कारण गावकरी दिशाभूल करतात. त्रिमितीय गेम सगळ्यांत शेवटी. २०१० चा ‘लॉर्ड्स ऑफ शॅडो’ चांगला आहे, पण तो वेगळ्याच घराण्यातला वाटतो.

हात पक्का झाला की २००८ चा ‘ऑर्डर ऑफ एक्लेशिया’. मला मनापासून आवडतो तो हाच. त्याची नायिका शनोआ शत्रूंकडून चिन्हं ओढून घेते आणि तीच तिची शस्त्रं. गेम कठीण आहे. दीपगृहात एक अवाढव्य खेकडा खालून चढत येतो. त्याला मारत मारत वर सरकायचं आणि शेवटी लिफ्टच त्याच्यावर आदळायची. इथेही तोच फास आहे: सगळ्या गावकऱ्यांना सोडवल्याशिवाय तिच्या जुन्या सहकाऱ्याशी, अल्बसशी, लढलात तर गेम अर्ध्यावरच संपतो.

हे सगळं मिळवायला जुनी यंत्रं शोधत बसू नका. २०१९ च्या ॲनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये सुरुवातीचे गेम आहेत, २०२१ च्या ॲडव्हान्समध्ये ‘आरिया’, २०२४ च्या डॉमिनसमध्ये ‘एक्लेशिया’. ‘सिंफनी’ आणि ‘राँडो’ २०१८ च्या रेक्वियममध्ये एकत्र मिळतात. ॲडव्हान्समध्ये खेळ थोडा मागे नेण्याची सोय आहे, ती नव्या माणसाने खुशाल वापरावी.