१९१३ च्या हंगामातला न मारलेला फील्ड गोल

जुन्या कॉलेज फुटबॉलचे, म्हणजे अमेरिकेतल्या लांबुडक्या चेंडूच्या फुटबॉलचे, हंगाम तपासून तक्त्यात भरायचं माझं काम. त्या दिवशी नोटर डेम या अमेरिकी विद्यापीठाच्या संघाचा १९१३ चा हंगाम हाती होता. सात सामने, सातही जिंकलेले. केलेले गुण ८७, २०, ६२, ३५, १४, २०, ३०, एकूण २६८. दिलेले ०, ७, ०, १३, ७, ७, ७, एकूण ४१. ताळा बरोबर आला. तक्त्याने कुठेच चूक दाखवली नाही.

अडलं ते १ नोव्हेंबरच्या सामन्यापाशी. वेस्ट पॉइंटला आर्मीविरुद्ध, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाविरुद्ध, ३५-१३. तक्त्याने या गुणांची आपोआप फोड केली होती : नोटर डेमचे सहा टचडाऊन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेणं) आणि त्यानंतरचे पाच गोल (टचडाऊननंतर गोलखांबांमधून मारलेली किक, गुण १), आर्मीचे दोन टचडाऊन आणि एक फील्ड गोल (खेळ चालू असताना गोलखांबांमधून मारलेली किक). सामन्याच्या वृत्तांतात नोटर डेमचे टचडाऊन पाचच, आणि आर्मीचा फील्ड गोल कुठेच नाही.

गोम गुणांच्या किमतीत होती. १८९८ पासून टचडाऊनला ५ गुण होते, १९१२ पासून ६ झाले. फील्ड गोल १९०४ पर्यंत ५ गुणांचा, मग ४ चा, १९०९ पासून ३ चा. तक्ता मात्र १९११ चेच दर धरून चालला होता. त्या दराने सहा टचडाऊनचे ३० अधिक पाच गोल, ३५. दोन टचडाऊनचे १० अधिक फील्ड गोलचे ३, झाले १३. दोन्हीकडे हिशेब चोख आणि दोन्ही फोडी खोट्या. खरी फोड अशी : पाच टचडाऊन, पाच गोल, समोर दोन टचडाऊन, एक गोल. बेरीज जुळली म्हणून पुढे गेलं की अशी चूक कायमची राहते. बाकीच्या सामन्यांतल्या प्रतिस्पर्ध्यांच्या ७ गुणांचंही तेच. जुन्या दराने ते टचडाऊन आणि सेफ्टी (समोरच्यांना त्यांच्याच गोलरेषेमागे अडवल्याचे २ गुण) वाटतात, नव्या दराने टचडाऊन आणि गोल.

या सामन्याची नोंद चुकणं मला विशेष खटकतं. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, गस डोराईसने १७ पैकी १४ पास जोडले, म्हणजे ते सहकाऱ्यांनी झेलले, आणि २४३ यार्ड मिळवले. जोडलेल्या पासला सरासरी १७ यार्डांहून जास्त. मध्यंतराला १४-१३ असा अटीतटीचा सामना होता. एंडला, म्हणजे रांगेच्या टोकाला, खेळणाऱ्या क्नूट रॉकनीसारख्यांकडे लांब पास जाऊ लागले, तसं आर्मीला बचाव पसरावा लागला आणि मधून धावायला वाट मिळाली. फॉरवर्ड पासचा, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकण्याचा, जन्म याच सामन्यात झाला असं अजून लिहिलं जातं, ते चूक आहे. पास १९०६ पासूनच कायदेशीर होता, पण त्यावर जाच फार होता. चेंडू कोणाचा हात न लागता जमिनीवर पडला की तो प्रतिस्पर्ध्यांना जायचा. पुढे २० यार्डांची मर्यादाही आली. १९१२ मध्ये ती मर्यादा उठली, दहा यार्ड पुढे जाण्यासाठी तीनऐवजी चार डाऊन, म्हणजे प्रयत्न, मिळाले, गोलरेषेमागे दहा यार्डांचा पट्टा आखला गेला आणि तिथे झेललेला पास टचडाऊन ठरू लागला. प्रशिक्षक जेसी हार्पर यांच्या संघाने या मोकळिकीचा पुरेपूर वापर केला.

मग दरांचा रकाना वर्षवार केला आणि आपोआप फोड बंद केली. आता आधी वृत्तांताच्या शेवटची टचडाऊन-गोलांची ओळ भरायची, तिच्यावरून गुण काढायचे आणि सगळ्यात शेवटी छापील गुणांशी ताडायचे. हाच क्रम का, ते २७ नोव्हेंबरच्या ऑस्टिनमधल्या सामन्याने लगेच दाखवलं. टेक्सासविरुद्ध ३०-७. योग्य दर धरूनही ३० गुण पाच टचडाऊनचे होतात, चार टचडाऊन, तीन गोल आणि एका फील्ड गोलचेही होतात, आणि तीन टचडाऊन, तीन गोल, तीन फील्ड गोल यांचेही. तो रकाना मी रिकामा ठेवला आणि त्या दिवसाचा वृत्तांत मागवला.